लिस्बन ते हेलसिंकी : अंतर एक, घड्याळे दोन

आपल्याकडील सहल-कंपन्यांच्या माहितीपत्रकांत युरोप खंड फार लहान दिसतो. दहा दिवसांत सात देश पाहून होतात. सकाळचा नाश्ता एका देशात, तर रात्रीचे जेवण दुसऱ्याच देशात होते. त्यामुळे युरोपातील कोणतीही दोन शहरे मुंबई-पुण्यासारखी शेजारी-शेजारी असावीत, असा समज सहज होतो. पोर्तुगालची राजधानी लिस्बन आणि फिनलंडची राजधानी हेलसिंकी यांच्यामधील प्रवास हा समज पुरता मोडून काढतो. एक शहर खंडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, अटलांटिकच्या काठी. दुसरे ईशान्येकडे, बाल्टिक समुद्राच्या फिनिश आखातावर. या दोन्ही शहरांच्या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर साधारण ३,३७० किलोमीटर, म्हणजेच सुमारे १,८२० सागरी मैल भरते. तुलनाच करायची तर श्रीनगर ते तिरुवनंतपुरम हे अंतर सुमारे २,८५० किलोमीटर आहे. मुंबई-दिल्ली अंतराच्या तर हे जवळजवळ तिप्पट झाले.

थेट विमानाने हा प्रवास पावणेपाच ते पाच तासांचा असतो. उत्तर एवढ्यावर संपत नाही, हेच या लेखाचे निमित्त. अंतराचा आकडा एकच असला तरी वेळेचे आकडे अनेक आहेत. तिकिटावरचा वेळ वेगळा, आकाशातला वेगळा, घरापासून हॉटेलपर्यंतचा वेगळा. आणि विमान उशिरा पोहोचल्यास कायदा जो वेळ मोजतो तो आणखी वेगळा. यांतील फरक न कळल्यामुळे पुढचे विमान चुकू शकते, हॉटेलचे आरक्षण एका दिवसाने हुकू शकते किंवा हक्काची नुकसानभरपाई हातची जाऊ शकते.

ताणलेला दोरा

प्रथम अंतराविषयी. शाळेच्या भिंतीवरील नकाशावर लिस्बन आणि हेलसिंकी यांना पट्टीने जोडले, तर रेषा जवळजवळ अचूक ईशान्येकडे जाते. विमान मात्र त्या रेषेवरून जात नाही. सपाट नकाशावर पृथ्वीचा गोलावा उतरवता येत नाही. कोठेतरी ताण द्यावाच लागतो. मर्केटर पद्धतीच्या नकाशात हा ताण ध्रुवांकडे वाढत जातो. पृथ्वीच्या गोलावर मात्र दोन ठिकाणी टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये दोरा घट्ट ताणला, तर तो जी वाट धरतो ती सर्वांत जवळची. भूगोलात तिला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. विमानतळांमधील अंतर म्हणून जे आकडे दिले जातात, ते या दोऱ्याच्या लांबीचे असतात.

लिस्बनहून निघालेला हा दोरा आरंभी ईशान्येपेक्षा अधिक उत्तरेकडे झुकतो. वायव्य स्पेन ओलांडून तो बिस्केच्या उपसागरावर येतो, पॅरिसला थोडे उजव्या हाताला ठेवून फ्रान्स पार करतो आणि अर्धी वाट सरताना नेमका बेल्जियममध्ये, ब्रसेल्सच्या परिसरावर पोहोचतो. पुढे नेदरलँड्स, जर्मनीचा वायव्य कोपरा, कोपनहेगनचा परिसर, दक्षिण स्वीडन, बाल्टिक समुद्र आणि मग फिनलंड. युरोपच्या दोन टोकांतील मध्यबिंदू युरोपीय संघाच्या कारभाराच्या शहरानजीक पडावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. या शहराचा संबंध पुढे पुन्हा येणार आहे.

या मार्गाच्या बाबतीत नकाशावरील सरळ रेषा आणि गोलावरील दोरा यांच्या लांबीत फरक फार नाही. जेमतेम तीस किलोमीटरचा. अंतर वाढत जाते तसा हा फरकही वाढतो, विशेषतः पूर्व-पश्चिम जाणाऱ्या आणि उत्तर गोलार्धात वरच्या अक्षांशांवर असलेल्या मार्गांवर.

प्रत्यक्षात विमान दोऱ्यावरूनही तंतोतंत उडत नाही. वाटेत लष्करी सरावासाठी राखलेले आकाश असते, वादळे असतात, मोठ्या विमानतळांभोवतीची गर्दी असते. शिवाय प्रत्येक देशाचे हवाई नियंत्रण वेगळे. या मार्गावर एवढ्या देशांचे आकाश ओलांडायचे, तर एका नियंत्रकाने विमान दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा प्रकार कितीतरी वेळा घडतो. या कामाचा मेळ घालणारी ‘युरोकंट्रोल’ ही संस्था १९६० च्या करारातून जन्माला आली. तिचेही मुख्यालय ब्रसेल्समध्येच आहे. पूर्वी विमानांना आकाशातील ठरलेल्या ‘रस्त्यां’वरून, एका खुणेकडून दुसऱ्या खुणेकडे वळणे घेत जावे लागे. आपल्या हवाई क्षेत्रात प्रवेशाच्या बिंदूपासून बाहेर पडण्याच्या बिंदूपर्यंत सरळ जाण्याची मुभा देणाऱ्यांमध्ये पोर्तुगाल अग्रेसर ठरला. तेथे ही पद्धत २००९ मध्ये सुरू झाली. नंतर ती युरोपभर पसरत गेली. समजा, विमानाला तीन टक्के जादा वाट धरावी लागली, तर या मार्गावर सुमारे शंभर किलोमीटर वाढतात आणि वेळ सात-आठ मिनिटांनी वाढतो. प्रवाशाला हे जाणवतही नाही. कंपनीच्या इंधनाच्या खर्चात मात्र ते वर्षाकाठी चांगलेच जाणवते.

वाट बंद झाली की काय होते, याचे उदाहरण हेलसिंकीनेच दिले आहे. हेलसिंकी ते टोकियो हे सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. रशियावरून उडत जाणारे विमान ते नऊ-साडेनऊ तासांत कापत असे आणि युरोपातून जपानला जाण्याचा जवळचा दरवाजा म्हणून फिनलंडने आपला विमानतळ त्यावरच वाढवला होता. युक्रेनवरील आक्रमणानंतर फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युरोपीय संघाने रशियन विमानांना आणि रशियाने युरोपीय विमानांना आपापले आकाश बंद केले. टोकियोचे विमान उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडील देशांवरून वळसा घालू लागले आणि प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. दोन्ही विमानतळ आपापल्या जागी होते, त्यांच्यातील अंतर एका मीटरनेही वाढले नव्हते. लिस्बनचा मार्ग सुदैवाने दुसऱ्या दिशेचा असल्याने त्याला ही झळ लागली नाही.

चार तासांचे पाच तास कसे होतात?

या मार्गावर सहसा एअरबसच्या ए-३२० गटातील विमाने वापरली जातात. उंचीवर गेल्यावर त्यांचा वेग ताशी सुमारे ८४० किलोमीटर असतो. ३,३७० ला ८४० ने भागले तर उत्तर चार तास येते. मग वेळापत्रकात पावणेपाच किंवा पाच तास का लिहितात?

कारण वेळापत्रकातील वेळ उड्डाणाचा नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी उभे राहीपर्यंतचा तो काळ असतो. या व्यवसायात त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे, चढताना आणि उतरताना कमी वेगाने जाणे, उतरल्यावर पुन्हा सरकत जाणे, हे सर्व त्यात धरलेले असते. हिवाळ्यात हेलसिंकीला आणखी एक काम वाढते. विमानाच्या पंखांवर साचलेले बर्फ रसायन फवारून काढल्याखेरीज उड्डाण करता येत नाही. फिनलंडचे लोक या कामात वाकबगार आहेत आणि बर्फामुळे विमानतळ बंद पडणे तेथे फारसे घडत नाही, परंतु फवारणीला लागणारी मिनिटे काही चुकत नाहीत. कंपन्या या सर्वांवर थोडी शिलकीची मिनिटेही वेळापत्रकात घालून ठेवतात. ‘वेळेआधी पोहोचलो’ म्हणून वैमानिक अभिनंदन करतो, तेव्हा ती शिल्लक वापरली गेली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

जाण्या-येण्याच्या वेळांत दहा-पंधरा मिनिटांचा फरक दिसतो, तो वाऱ्यामुळे. या अक्षांशांवर उंचावरचे वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांतील अतिवेगवान पट्ट्याला जेट स्ट्रीम म्हणतात आणि हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. लिस्बनहून हेलसिंकीला जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर. परतीच्या प्रवासाला पाच तास धरणे म्हणूनच शहाणपणाचे.

दोन तासांचे कोडे

सर्वाधिक गोंधळ घड्याळांचा. पोर्तुगालची मुख्य भूमी ग्रीनिचच्या वेळेनुसार चालते, तर फिनलंड तिच्या दोन तास पुढे आहे. उन्हाळ्यात दोन्ही देश घड्याळे एक तास पुढे नेतात. परंतु युरोपीय संघात हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सर्वत्र एकाच क्षणी होत असल्याने दोघांमधील अंतर वर्षभर दोन तासांचेच राहते. भारताशी असलेले अंतर मात्र बदलते, कारण आपण घड्याळाला हात लावत नाही. हिवाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. हेलसिंकी हिवाळ्यात साडेतीन, उन्हाळ्यात अडीच तास मागे.

तिकिटावरील वेळा नेहमी त्या-त्या गावच्या असतात. समजा, विमान लिस्बनहून सकाळी नऊला सुटून हेलसिंकीला दुपारी पावणेचारला पोहोचते. वाचणाऱ्याला हा प्रवास पावणेसात तासांचा वाटतो. प्रत्यक्षात तो पावणेपाच तासांचा असतो. परतीचे विमान दुपारी चारला सुटून संध्याकाळी सातला लिस्बनला उतरले, तर कागदावर तीनच तास दिसतात, पण खुर्चीत पाच तास बसावे लागते. खरी गफलत संध्याकाळच्या विमानांची. लिस्बनहून सायंकाळी सहाला निघालेला प्रवासी हेलसिंकीला उतरतो तेव्हा तेथे पाऊण वाजलेला असतो आणि तारीख बदललेली असते. त्याने हॉटेल मात्र आदल्या दिवसापासून घ्यावे लागते, कारण हॉटेलच्या हिशेबात ती रात्र आदल्या दिवसाचीच. उतरण्याच्या तारखेचे आरक्षण केले, तर दुपारपर्यंत खोली मिळत नाही.

पोर्तुगालने १९९२ मध्ये मध्य युरोपची वेळ स्वीकारून पाहिली होती. बर्लिन, पॅरिसशी व्यवहार सोपे होतील, असा विचार त्यामागे होता. परंतु हिवाळ्यात मुलांना अंधारात शाळेत जावे लागू लागले, उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत उजेड राहू लागला आणि १९९६ मध्ये देश जुन्या वेळेवर परतला. फिनलंडमध्ये उलट घड्याळे बदलण्याची पद्धतच बंद करावी, अशी नागरिकांची मागणी पुढे आली. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये त्या बाजूने मत दिले, पण सदस्य देशांचे एकमत न झाल्याने तो बदल अमलात आला नाही.

मधला थांबा

थेट विमान दररोज सोयीच्या वेळी मिळेलच असे नाही आणि ते स्वस्त असेल असेही नाही. तेव्हा वाटेत विमान बदलावे लागते. फ्रँकफुर्टमार्गे गेल्यास लिस्बन-फ्रँकफुर्ट सुमारे १,८७५ आणि फ्रँकफुर्ट-हेलसिंकी सुमारे १,५४० किलोमीटर. म्हणजे थेट मार्गापेक्षा जेमतेम पन्नास किलोमीटर जास्त. तरीही वेळ दोन-तीन तासांनी वाढतो. चढणे, उतरणे, सरकणे हे सर्व दोनदा करावे लागते आणि मध्ये वाट पाहावी लागते. इस्तंबूलमार्गे अंतरच सुमारे ५,३५० किलोमीटर होते, म्हणजे तब्बल दोन हजारांनी अधिक. तरीही असे तिकीट कधीकधी स्वस्त मिळते. विमानाच्या भाड्याचा अंतराशी असलेला संबंध रिक्षाच्या मीटरसारखा नसतो, हे प्रवाशांनी आता स्वीकारलेलेच बरे.

भारतीय पारपत्रधारकांनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. पोर्तुगाल आणि फिनलंड दोन्ही शेंगेन क्षेत्रात असल्याने थेट किंवा फ्रँकफुर्टमार्गे प्रवासात एकच शेंगेन व्हिसा पुरतो आणि दोन्ही देशांदरम्यान पारपत्र तपासणीची रांग एरवी नसते. लंडनमार्गे गेल्यास मात्र आपण शेंगेनबाहेर पडतो. लंडनला केवळ विमान बदलायचे असले, तरी भारतीयांना सामान्यतः ट्रान्झिट व्हिसा लागतो. शिवाय पुन्हा शेंगेनमध्ये शिरायचे म्हणजे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. स्वस्त तिकीट घेताना हा खर्च आणि हा धोका हिशेबात धरला पाहिजे.

विमानतळापासून शहरापर्यंतचा वेळ दोन्हीकडे तुलनेने कमी आहे. लिस्बनचा विमानतळ, ज्याला २०१६ मध्ये हुंबेर्तू देल्गादू यांचे नाव देण्यात आले, तो शहरातच आहे आणि २०१२ पासून तेथे मेट्रो जाते. १९५२ च्या ऑलिंपिकसाठी उघडलेला हेलसिंकी-व्हांटा विमानतळ शहराबाहेर आहे. २०१५ पासून तेथून मध्यवर्ती स्थानकापर्यंत रेल्वेने सुमारे अर्धा तास लागतो. दोन तास आधी पोहोचण्याची शिस्त आणि सामानाची प्रतीक्षा धरली, तर दारापासून दारापर्यंत आठ तास सहज जातात.

रस्त्याने हाच प्रवास चार हजार किलोमीटरच्या वर जातो आणि शेवटी बहुधा बाल्टिक समुद्र जहाजाने ओलांडावा लागतो. रेल्वेची कथा तर याहून बिकट. लिस्बन-माद्रिद ही रात्रीची गाडी मार्च २०२० मध्ये थांबली, तेव्हापासून पहिल्याच टप्प्याला जोडणीचे हाल सुरू होतात. गंमत अशी की, या प्रवासाच्या दोन्ही टोकांना रुळांचे माप उर्वरित युरोपपेक्षा वेगळे आहे. पोर्तुगालमध्ये ते १,६६८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजहून आठच मिलिमीटर कमी, फिनलंडमध्ये १,५२४, आणि मधल्या बहुतेक देशांत १,४३५.

अंतराची किंमत

आता पुन्हा ब्रसेल्सकडे. युरोपीय संघाचा प्रवासी नुकसानभरपाईविषयीचा नियम क्रमांक २६१, जो २००४ मध्ये संमत होऊन १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला, त्यात भरपाईची रक्कम तिकिटाच्या किमतीवर नव्हे, तर अंतरावर ठरते. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो. संघांतर्गत त्याहून लांबच्या सर्व प्रवासांना आणि इतर १,५०० ते ३,५०० किलोमीटरच्या प्रवासांना ४०० युरो. संघाबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या ३,५०० किलोमीटरवरील प्रवासांना ६०० युरो. लिस्बन-हेलसिंकी त्यामुळे ४०० युरोंच्या गटात येते. हेलसिंकी ते कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारिया हे अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर असले, तरी ती बेटे स्पेनची, म्हणजे संघातलीच, म्हणून तेथेही ४०० युरोच.

अंतर कसे मोजायचे हेही नियमात लिहिले आहे : बृहद्वृत्ताने. विमान बदलून गेल्यास दोन्ही टप्प्यांची बेरीज धरायची काय, असा प्रश्न रोमहून ब्रसेल्समार्गे हँबुर्गला गेलेल्या प्रवाशांमुळे उपस्थित झाला. टप्प्यांची बेरीज १,६५६ किलोमीटर होती, तर रोम-हँबुर्ग सरळ अंतर १,३२६. पहिला आकडा धरला तर ४०० युरो, दुसरा धरला तर २५०. युरोपीय न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१७ रोजी दुसऱ्या आकड्याच्या बाजूने निकाल दिला. गैरसोय गंतव्यस्थानी उशिरा पोहोचण्याची असते, वळशाने ती वाढत नाही, असा त्यामागील तर्क. इस्तंबूलचा वळसा घेणाऱ्याला त्याचे जादा पैसे मिळणार नाहीत, ते यामुळेच.

मूळ नियमात ही रक्कम रद्द झालेल्या विमानांसाठी आणि जागा नाकारलेल्या प्रवाशांसाठी होती. तीन तास वा अधिक उशिरा पोहोचलेल्यांनाही ती मिळावी, असे न्यायालयाने १९ नोव्हेंबर २००९ च्या निकालात ठरवले. हवामान किंवा तत्सम असाधारण परिस्थिती असेल तर भरपाई द्यावी लागत नाही; विमानातील नेहमीचा तांत्रिक बिघाड मात्र साधारणतः त्यात मोडत नाही. आपल्या वाचकांसाठी महत्त्वाचे असे की, नियमाला प्रवाशाचे नागरिकत्व लागत नाही. युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तो लागू आहे. मुंबईहून तिकडे जाताना मात्र विमान संघातील कंपनीचे असावे लागते.

तीन तास नेमके कधी पुरे होतात? साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला गेलेल्या एका विमानाची चाके धावपट्टीला टेकली तेव्हा उशीर दोन तास अठ्ठावन्न मिनिटांचा होता. ते आपल्या जागी येऊन उभे राहिले तेव्हा तो तीन तास तीन मिनिटांचा झाला. कंपनीचे म्हणणे चाके टेकण्याच्या बाजूने, प्रवाशाचे त्याविरुद्ध. न्यायालयाने ४ सप्टेंबर २०१४ रोजी निर्णय दिला की, विमानाचा निदान एक दरवाजा उघडला आणि प्रवाशांना बाहेर पडण्याची मुभा मिळाली, ती पोहोचण्याची वेळ. तोवर प्रवासी बंद जागेत अडकलेला असतो आणि आपला वेळ आपल्या इच्छेने वापरू शकत नाही.

ही तीन तासांची मर्यादा विमान कंपन्यांना फार दिवसांपासून सलते आहे. जून २०२५ मध्ये सदस्य देशांच्या परिषदेने ती संघांतर्गत प्रवासांसाठी चार तासांवर नेण्याची आणि त्यांची भरपाई ३०० युरो ठेवण्याची भूमिका घेतली. असा बदल अमलात येण्यासाठी युरोपीय संसदेची संमतीही लागते. त्यामुळे तिकीट काढताना त्या वेळी कोणता नियम लागू आहे हे पाहून घ्यावे, आणि विमान उशिरा पोहोचल्यास दरवाजा उघडला ती वेळ बोर्डिंग पासच्या पाठीवर तेथल्या तेथे लिहून ठेवावी.